दादाची आगगाडी

सोमवार हा आम्हा धर्मगुरूंचा सुटीचा वार. रविवारच्या मिस्सा, बैठका आणि भेटीगाठी आटोपल्या की सोमवारी सकाळी मी धर्मग्रामाच्या घराला कुलूप लावून गावी जातो. गाव फार दूर नाही. स्कूटरने अर्ध्या तासाची वाट. तेथे आमचे जुने कौलारू घर आहे, आणि त्या घरात माझा थोरला भाऊ राहतो. आम्ही दोघेच भावंडे. आई-वडील केव्हाच गेले.

२०२४ च्या पावसाळ्यात दादाला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा खंडित झाला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. हळूहळू पाय सावरला. काठीच्या आधाराने तो अंगणापर्यंत येऊ लागला. हात मात्र जड राहिला, आणि वाचा गेली. अगदीच गेली असे नव्हे. आपण बोललेले त्याला बहुतेक समजे, पण उत्तर देऊ गेला की शब्द सापडत नसत. पाणी हवे असले की ‘ते... ते...’ म्हणून तो थांबे आणि मान खाली घाली. डॉक्टरांनी याला वाचाघात असे नाव सांगितले. शब्द आत कोठेतरी असतात, पण दार सापडत नाही, असे त्यांनी समजावले.

ज्या घरात कोणी आजारी असते, तेथे गेल्यावर काय बोलावे हे सेमिनरीत आम्हांला शिकवलेले असते. पस्तीसएक वर्षे शब्द हेच माझे अवजार. पण भावासमोर बसल्यावर ते अवजार निरुपयोगी ठरले. मी बोलत राही आणि तो ऐकत राही. आणि माझ्या बोलण्यामुळे त्याचे न बोलणे अधिकच ठळक होई. खरे सांगायचे तर काही सोमवारी मी कामाचे निमित्त काढून गेलोच नाही. वहिनीने कधी विचारले नाही, पण तिला ते कळले असणार.

त्या नाताळात पुतण्या कॅनडाहून सुटीवर आला. येताना त्याने वडिलांसाठी एक भलेमोठे खोके आणले. वर निळ्या रंगाच्या आगगाडीचे चित्र होते. ‘लेगो’ या डेन्मार्कच्या कंपनीचा तो खेळ होता : प्लॅस्टिकचे २,५४० तुकडे, आणि ते एकमेकांत बसवून तयार करायची सुप्रसिद्ध ‘ओरिएंट एक्स्प्रेस’. एक वाफेचे इंजिन, कोळशाची टेंडर, एक भोजनाचा डबा, एक शयनयान आणि आठ इवलीशी माणसे. फ्रान्समधल्या एका हौशी माणसाने सुचवलेल्या कल्पनेवरून हा संच तयार झाला आणि २०२३ च्या डिसेंबरात बाजारात आला, अशी माहिती पुतण्याने पुरवली. किंमत मात्र त्याने सांगितली नाही, आणि वहिनीने ती विचारून घेऊन कपाळाला हात लावला.

मलाही ते रुचले नाही. चौसष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याने हयातभर खऱ्या आगगाडीचे डबे दुरुस्त केले, त्याला खेळण्यातली गाडी ? मनात आले, पोराने परदेशी राहून बापाला मूल समजायला सुरुवात केली. पण पुतण्या म्हणाला, “काका, फिजिओथेरपिस्ट म्हणाले आहेत, उजव्या हाताला काम द्या. बाबांना चेंडू दाबत बसायला आवडत नाही.” जाताना तो ते खोके माझ्या हवाली करून गेला. “तुम्ही सोमवारी येताच ना !” असेही म्हणाला. त्या वाक्याने मी मनातून ओशाळलो.

इथे दादाविषयी थोडे सांगायला हवे. १९७९ साली वडील गेले तेव्हा दादा अठरा वर्षांचा होता आणि मी अकरा. दादा अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. त्याची चित्रकला तर अशी की शाळेच्या फळ्यावरची सणावाराची चित्रे त्याच्याकडेच असत. पण त्या वर्षी त्याने पुस्तके माळ्यावर ठेवली आणि लोअर परळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात तो शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. पहाटे उठून सायकलने वसई रोड स्टेशन, तेथून गर्दीत दाराला लोंबकळत लोकल, आणि रात्री परत. हे त्याने २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत केले. त्याच्या पगारावर माझी शाळा झाली, आईचे औषधपाणी झाले आणि मी गोरेगावच्या सेमिनरीत गेलो. तुला शिकायचे होते का, हे मी त्याला कधी विचारले नाही. कोणीच विचारले नसावे.

१९९६ मध्ये माझी गुरुदीक्षा झाली. दादाने पुढे येऊन माझ्या हातांचे चुंबन घेतले आणि त्या दिवसापासून तो मला ‘फादर’ म्हणू लागला. ‘अरे’ जाऊन ‘अहो’ आले, ‘तू’ जाऊन ‘तुम्ही’ आले. “फादर, बसा.” “फादर, जेवून जा.” आपल्या घरांतून ही रीतच आहे आणि तीमागे श्रद्धा आहे, हे मी जाणतो. मीही ती रीत मुकाट्याने स्वीकारली. पण ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याने मला ‘अहो’ म्हणावे आणि मी त्याला ‘अरे दादा’ म्हणत राहावे, हे मला कोठेतरी टोचत असे. अठ्ठावीस वर्षे टोचत राहिले आणि अठ्ठावीस वर्षे मी ते बोललो नाही.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी आम्ही खोके उघडले. अंक छापलेल्या पिशव्यांतून तुकड्यांचा ढीग बाहेर आला. काही तुकडे तांदळाच्या दाण्याहून थोडेच मोठे. वहिनीने माळ्यावरचा जुना कॅरम बोर्ड काढून दिला. त्याच्या उंच काठामुळे तुकडे खाली घरंगळत नसत. स्टीलच्या वाट्या मांडून आम्ही रंगांनुसार निवडणी सुरू केली. दादा डाव्या हाताने तुकडे उचली आणि उजवा हात वजनासारखा पाटीवर दाबून धरी. एकावर एक तुकडा बसला की ‘टक्’ असा बारीक आवाज होई. तो आवाज ऐकला की दादा किंचित मान हलवी.

मग मी मार्गदर्शनाची पुस्तिका उघडली आणि मला एकदम काहीतरी उमगले. त्या पुस्तिकेत बांधणीच्या पायऱ्यांमध्ये एकही शब्द नव्हता. केवळ चित्रे. या पायरीला कोणते तुकडे, किती, आणि ते कोठे बसवायचे, हे सारे चित्रांनी सांगितलेले. जगातल्या कोणत्याही भाषेच्या मुलाला समजावे म्हणून कंपनीने केलेली ती सोय. पण आमच्या ओटीवर तिचा अर्थ निराळाच झाला. सहा महिने वर्तमानपत्र हाती धरून अक्षरांकडे परक्यासारखे पाहणारा माझा भाऊ ती पाने भराभर वाचू लागला. आयुष्यभर त्याने डब्यांचे नकाशे वाचले होते. उलट मी, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेला, चित्र उलटे धरून बसे. दोन-तीन सोमवारांतच कामाची वाटणी ठरली : दादा मिस्त्री, मी हरकाम्या.

या खेळण्याच्या कंपनीची कथाही मी दरम्यान वाचून काढली. डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने कंपनीचे नाव ठेवले. एकमेकांत पकडून बसणाऱ्या विटेचे पेटंट १९५८ सालचे, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. त्या सुताराची एक गोष्ट सांगितली जाते. त्याच्या मुलाने एकदा लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात रोगण देऊन ती रवाना केली आणि पैसे वाचवल्याचे कौतुकाने सांगितले. बापाने त्याला रातोरात स्टेशनवरून ती बदके परत आणायला लावली आणि तिसरा हात देऊनच पाठवायला लावली. मी ही गोष्ट दादाला वाचून दाखवली. तो ऐकून हसला. झटक्यानंतर प्रथमच आवाज करून हसला.

मग मी दर सोमवारी काहीतरी वाचून नेऊ लागलो. आता बोलण्यासाठी विषय होता, आणि मौनासाठी काम होते. इंजिन आकाराला येत होते तेव्हा मी जॉर्ज नागेलमाकर्सची हकिगत सांगितली. बेल्जियमच्या एका सावकारी घराण्यातला हा तरुण अमेरिकेला गेला, तेथे त्याने पुलमनचे शयनयान पाहिले आणि युरोपात तसे डबे चालवण्याचा ध्यास घेतला. प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी, सरहद्दी वेगळ्या, कायदे वेगळे. तरी ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्याची ओरिएंट एक्स्प्रेस पॅरिसहून निघालीच. तिला थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत रूळ नव्हते. रुमानियातल्या ज्युर्जू येथे प्रवासी उतरले, बोटीने डॅन्यूब ओलांडून बल्गेरियात गेले, तेथून दुसऱ्या गाडीने काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरात आणि शेवटी आगबोटीने बोस्फरसला. सलग रूळमार्ग १८८९ मध्ये झाला. दादाने हे ऐकताना पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर डाव्या हाताने एक वाकडी रेघ काढली, मध्ये नदीची दोन वळणे काढली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “हो, असेच.”

भोजनाच्या डब्याला गडद निळा रंग होता. १८८३ चे डबे सागवानी लाकडाचे होते. निळे-सोनेरी पोलादी डबे १९२२ पासूनचे, हे मी सांगताच दादाने खुणेने विचारले : मग ही गाडी त्या काळातली? मी होकार दिला. तोच या गाडीचा वैभवाचा काळ. शिसवी टेबले, चांदीची भांडी आणि रने लालिकने घडवलेली काचेची नक्षी. राजे, हेर, व्यापारी आणि गायिका या डब्यांतून जात. १९२९ च्या हिवाळ्यात इस्तंबूलच्या अलीकडे ही गाडी बर्फात अनेक दिवस अडकून पडली; १९३१ मध्ये ॲगाथा ख्रिस्ती स्वतः पुरामुळे अडलेल्या गाडीत होती; आणि १९३४ मध्ये तिची ती विख्यात रहस्यकादंबरी आली.

पण वैभवाची गोष्ट सांगताना मला दुसरीही आठवली. याच कंपनीचा २४१९ क्रमांकाचा एक भोजनाचा डबा होता. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी कोंपिएन्यच्या अरण्यात त्या डब्यात पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम झाला. २२ जून १९४० रोजी हिटलरने मुद्दाम तोच डबा त्याच जागी आणवला आणि फ्रान्सला तेथेच शरणागतीची सही करायला लावली. १९४५ मध्ये तो डबा नष्ट झाला. ज्या टेबलावर माणसे जेवायची, त्याच टेबलावर एकदा वैर संपले आणि एकदा सूड घेतला गेला. डब्याचा त्यात काय दोष ? दादा बराच वेळ हातातला तुकडा न बसवता राहिला. माणसांनी डब्यांचे काय काय केले, हे त्याने कारखान्यात चाळीस वर्षे पाहिले होते. फाडलेली आसने, जळालेल्या पाट्या, कधी दगडांनी फुटलेल्या खिडक्या आणि वाळलेले रक्त. ते सारे धुऊन, ठोकून, रंगवून तो डबा पुन्हा रुळावर पाठवायचा, हे त्याचे काम होते. घरी आल्यावर तो त्याविषयी कधी बोलत नसे. मीही कधी विचारले नव्हते.

प्रायश्चित्तकाळात मला दोन सोमवार जाता आले नाही; एकदा अंत्यविधी होता, एकदा बैठक. तिसऱ्या सोमवारी गेलो तर वहिनी म्हणाली, “तुमची वाट पाहत खोके उघडू देत नाहीत.” शयनयानाचे काम निम्म्यावर आले होते. त्या दिवशी मला लवकर परतायचे होते, म्हणून एक लांबट पट्टी मीच बसवली आणि पुढच्या दहा-बारा पायऱ्या आम्ही झपाट्याने उरकल्या. शेवटी डबा चाकांच्या चौकटीवर ठेवायला गेलो तर तो बसेना. एका खुंटीएवढा कोठेतरी फरक पडला होता. चूक माझ्याच पट्टीची होती, हे मी ओळखले. ती खाली तळाशी होती. छप्पर लागल्यावर कोणाला दिसणार होती ? मी डबा दोन्ही हातांनी धरून जोर लावला.

“थांब !”

शब्द स्पष्ट होता. किंचित जड, पण स्पष्ट. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. मी दादाकडे पाहिले. त्याचा डावा हात माझ्या मनगटावर होता आणि चेहऱ्यावर तोच राग होता, जो मी लहानपणी त्याची रंगपेटी सांडली तेव्हा पाहिला होता. ‘थांबा, फादर’ नव्हे, ‘थांब’.

काही क्षण कोणीच बोलले नाही. माझा घसा दाटून आला होता. मी डबा खाली ठेवला. दादाने पुस्तिकेची पाने मागे उलटली, माझी पट्टी जेथे चुकली त्या चित्रावर बोट टेकवले आणि आम्ही एकेक तुकडा सोडवू लागलो. अकरा पायऱ्या मागे जावे लागले. मला लवकर जायचे होते, ते मी विसरलो. त्या संध्याकाळी मला एक जुनी गोष्ट आठवली. मी सेमिनरीत असताना एकदा त्याचा कारखाना पाहायला गेलो होतो. डब्याखाली आडवा होऊन तो एक बोल्ट घट्ट करत होता. मी विचारले होते, “दादा, हा कोण पाहणार ?” तो म्हणाला होता, “प्रवासी पाहत नाही. पण तो यावर बसतो.” त्या वाक्यावर मी पुढे किती तरी प्रवचने दिली, आणि ते वाक्य कोणाचे हे एकदाही सांगितले नाही. आज ते या पानावर सांगत आहे.

उठताना मी त्याला विचारलेच. सेहेचाळीस वर्षे उशिरा विचारले. “दादा, तुला पुढे शिकायचे होते का रे ?” त्याने माझ्याकडे पाहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. मग त्याने डाव्या हाताने पाटीवरच्या डब्याकडे बोट दाखवले, नंतर माझ्या छातीकडे, आणि तो हात हवेत आडवा हलवला. याचा अर्थ मी अनेक प्रकारे लावून पाहिला आहे. ‘ते झाले, आता राहू दे’ असा असेल. ‘हेही केले, तुलाही केले’ असा असेल. मला सोयीचा अर्थ निवडायचा नाही, म्हणून मी तो मोकळाच ठेवतो. हो, शिकायचे होते, हाही अर्थ त्यात असू शकतो, आणि तो मला सोसला पाहिजे.

मे महिन्यात गाडी पूर्ण झाली. ओटीवरच्या काचेच्या कपाटात ती विराजमान झाली. आळीतली मुले येऊन पाहून गेली. “फादर, ही चालते का ?” एका मुलीने विचारले. यात मोटार नाही, हाताने ढकलावी लागते, असे सांगितल्यावर ती निराश झाली. खरी गाडी तरी आता कोठे चालते ? पॅरिसहून इस्तंबूलला थेट जाणारी ती जुनी गाडी १९७७ च्या मे महिन्यात थांबली. तेव्हा तिचा जुना थाट उरला नव्हता. पुढे उरलेसुरले नावही २००९ च्या डिसेंबरात वेळापत्रकातून गेले. जुने डबे शोधून, लिलावात विकत घेऊन, दुरुस्त करून १९८२ पासून श्रीमंतांसाठी एक सहलीची गाडी मात्र चालवली जाते. म्हणजे तिलाही अखेर कोणा तरी कारागिरांनीच पुन्हा उभे केले.

दादाचा आता बराच सुधार आहे. वीस-पंचवीस शब्द परत आले आहेत. ‘पाणी’ आले, वहिनीचे नाव आले, नातवाचे आले. ‘फादर’ हा शब्द अजून आलेला नाही. वाचोपचार देणाऱ्या बाई म्हणतात, तोही येईल, सराव करून घ्या. मी हो म्हणतो, पण सराव घेत नाही. एवढा स्वार्थ मला क्षमा व्हावा.

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी गेलो तर कपाट रिकामे. पोटात धस्स झाले. ओटीवर कॅरम बोर्ड मांडला होता, वाट्या मांडल्या होत्या आणि भोजनाचा डबा चाकांवरून उतरवून दादाने निम्मा सोडवला होता. माझा चेहरा पाहून वहिनी हसू लागली. रेल्वेत ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक डबा कारखान्यात परत येतो. तो चाकांवरून उचलतात, भाग सुटे करतात, झिजलेले बदलतात आणि पुन्हा जोडतात. कारखान्यातले लोक याला ‘पीओएच’ म्हणतात. डबा बिघडलेला असायलाच हवा असे नाही. मुदत झाली की तो आणायचा.

दादाने शेजारच्या खुर्चीकडे बोट केले.

“बस,” तो म्हणाला.

मी बसलो, आणि निळे तुकडे वेगळे करू लागलो.